टॉकीजमध्ये नसलेला सीन

दादा,

तुला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला मला दोन वर्षं मिळाली आणि ती मी घालवली. आज तू गेल्याला सोळा दिवस झाले आणि मी वही घेऊन बसले आहे. मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहिले, पण ते कुणाला उद्देशून नसतात. इथे समोर तू आहेस, म्हणून हात अडतो.

गोष्ट त्या पिक्चरची आहे, पंखवाल्या मुलीच्या. त्यात दारापाशी भाऊ-बहीण बोलतात, तो सीन मी तुला चुकीचा सांगितला होता. पहिल्यांदा ती चूक होती. नंतर मात्र खरं माहीत असताना मी तुला तेच खोटं पुन्हा सांगितलं. सांगायचं होतं ते एवढंच. एवढ्यासाठी दोन वर्षं का लागली, आणि तरी का पुरली नाहीत, ते मलाच नीट कळत नाही. म्हणून लिहिते आहे.

तू नववीतून शाळा सोडलीस आणि आबांबरोबर मिठागरावर जायला लागलास, तेव्हा मी दुसरीत होते. मिठागरावरून येताना तू पनवेलच्या रद्दीवाल्याकडे थांबायचास आणि इंग्रजी चित्रांची पुस्तकं उचलून आणायचास. कुणाचं कव्हर नाही, कुणाची मधली पानं नाहीत. ती तुला वाचता यायची नाहीत, मलाही नाही. तू चित्रांवर बोट ठेवून गोष्ट सांगायचास. "हा बघ, हा राजा नाय, हा राजाचा भाऊ हाय. बघ त्याचे डोळे कसे हायत." मला अक्षरांच्या आधी डोळे वाचायला तू शिकवलंस. पुढे मी बारावी झाले, आपल्या घरात पहिली, तेव्हा लोक आबांना पेढे मागत होते. मला वाटलं होतं, तुला मागायला हवेत.

तळोज्याला कंपनीत लागल्यावर तू मित्रांबरोबर मॅटिनीला इंग्रजी पिक्चर बघायला जायला लागलास. त्या चित्रांच्या पुस्तकांतल्याच एका गोष्टीवर हा पिक्चर निघाला होता, आणि तो तू दोनदा पाहिलास. डोंगरांच्या आत दगडाचं शहर आहे. तिथे सूर्य उगवायचा थांबला आहे. शहराला एकच दार, आणि त्या दाराचा राखणदार म्हणजे मोठा भाऊ. धाकट्या बहिणीला पंख फुटतात आणि उजेड आणायला ती शहराबाहेर जाते. घरी येऊन तू एकच तक्रार केलीस. "बाय, ती निघून जाते तवा भाऊ कुठं हाय? दारावर तर तोच असतो ना? तिला जाताना बघतच नाय. मधलं कायतरी कापलेलं हाय."

दोन वर्षं तू ते धरून बसलास. मग एसटी स्टँडजवळची व्हिडिओ लायब्ररी बंद व्हायला आली. घरोघरी केबल आलं होतं, कॅसेट न्यायला कुणी येत नव्हतं. लायब्ररीवाले काका जुना माल काढत होते. त्यात त्यांना तीच कॅसेट सापडली, कुणीतरी अमेरिकेहून आणलेली. डब्यावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं की टॉकीजमध्ये न दाखवलेले सीन ह्यात आहेत. काका तुला म्हणाले, "हा लांबवाला आहे. पण तुमच्या टीव्हीवर रंग दिसणार नाही हो. तिकडची कॅसेट आहे, आपल्या टीव्हीला तिचे रंग पकडता येत नाहीत." तू त्यांचा जुना व्हीसीआरही उचलून आणलास. रिक्षात तो मांडीवर धरून आलास, आणि आई म्हणाली, "एवढं जपून तर तू बायकोलाबी आणली नव्हतीस."

ती दुपार मला पूर्ण आठवते. तुझी सुट्टी होती. पांडूदादा आणि इक्बालभाई, तुझे शिफ्टमधले दोघे, जेवायलाच आले होते. वहिनीने वाकट्यांचं कालवण केलं होतं. मी तिच्याबरोबर आत भांडी लावत होते, तेवढ्यात तुझी हाक आली.

"बाय, इकडं ये. काय बोलतात ते आमाला सांग."

मी म्हणाले, मला एवढं नाही कळत.

पांडूदादा म्हणाला, "कॉलेजात जाते ना गो? मग कशाला भाव खाते?"

मी तेव्हा अकरावीत होते. इंग्रजी मला पुस्तकातलं यायचं, तेही गाईड शेजारी असलं तर. माणसं ते तोंडाने बोलतात तेव्हा कसं ऐकू येतं, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. पण आपल्या घरात कॉलेजात जाणं म्हणजे इंग्रजी येणं, असंच सगळ्यांनी धरलं होतं. तसं नाही असं सांगितलं असतं तर मग मी इतकी वर्षं करत काय होते, हा प्रश्न आला असता. निदान मला तसं वाटलं. मी उंबऱ्यावर बसले आणि सांगायला लागले.

आपली ती दुपार किती मजेची होती, दादा. पिक्चर काळा-पांढरा, आणि रंग तू सांगत होतास. टॉकीजमध्ये पाहिलेले सगळे रंग तुला पाठ होते. "हिचा झगा हिरवा हाय. पोपटी नाय, शेवाळाचा असतो तसा. आणि आभाळ जांभळं हाय, वांग्यासारखं." इक्बालभाई म्हणाले, "अरे भाई, टीव्ही बंद कर. रंग तू देतोस, बात बहेन सांगते. मशीन कशाला पाहिजे?" सगळे हसले. मीही हसले. तू सांगितलेला प्रत्येक रंग खरा होता. मी सांगितलेल्या गोष्टीतलं अर्धं मी चेहरे बघून जुळवलेलं होतं.

मग तो सीन आला, टॉकीजमध्ये नसलेला. तू पुढे सरकून बसलास. भाऊ डोक्यावरचा लोखंडी टोप काढतो, पायरीवर बसतो आणि बोलायला लागतो. हळू आवाजात, खूप वेळ. मध्येच हात उचलून दाराकडे दाखवतो. बहीण ऐकते आणि रडते. मला दोन-चार सुटे शब्द सोडले तर काहीही कळलं नाही. तुम्ही तिघं माझ्याकडे बघत होतात. तो हात दाराकडे गेला आणि मी म्हणाले, "भाऊ सांगतोय, तू जा. मागं बघू नको. दारावर मी हाय."

तू कॅसेट मागे घेतलीस. "परत सांग."

मी परत सांगितलं. शब्द बदलू नयेत म्हणून मनात घोकत सांगितलं. तू तिसऱ्यांदा मागे घेतलीस. तोपर्यंत ते मलाही खरं वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी तू पडवीत बसून मला विचारलंस, "बाय, तो भाऊ एवढा वेळ बोलतो, आणि अर्थ एवढासाच कसा?"

मी म्हणाले, "इंग्रजीत लांबण असते."

"असंल," तू म्हणालास.

दादा, तिथे मला थांबता आलं असतं. तू रागावला नसतास. फार तर "काय गो, फसवलंस ना आमाला" म्हणाला असतास आणि पांडूदादाने महिनाभर चिडवलं असतं. एवढ्यावर सुटलं असतं. मी ते केलं नाही.

बारावीनंतर पुण्याला जायचा विषय निघाला तेव्हा आबा नको म्हणाले. आपले सख्खे काकाही बोलले, पोरीला पनवेलचं कॉलेज काय वाईट आहे. तू कपाटाला टेकून उभा होतास. तू म्हणालास, "ती जाईल. दारावर मी हाय." कुणाला अर्थ कळला नाही, पण तू ज्या आवाजात बोललास त्याने विषय संपला. तेव्हापासून ते तुझंच वाक्य झालं. माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवून खाली उतरलास आणि खिडकीशी येऊन तेच म्हणालास. खरं सांगू? मला तेव्हा अभिमान वाटला होता. दादाला एक चांगलं वाक्य मी दिलं, असा.

पुण्याला होस्टेलमध्ये माझ्या खोलीत मेधा होती. तिचा भाऊ चित्रांची पुस्तकं जमवायचा, नीट कव्हर घातलेली. पहिल्या वर्षीच एका रविवारी ती काही पुस्तकं घेऊन आली आणि त्यात आपलं पुस्तक होतं. पंखवाली मुलगी, दगडाचं शहर. मी उलटत गेले. तिचा झगा शेवाळाच्या हिरव्या रंगाचा होता. आभाळ वांग्यासारखं होतं. मला एवढं हसू आलं की मेधाने विचारलं, काय झालं. मग दाराचं पान आलं. भाऊ पायरीवर बसलेला, टोप बाजूला. पिक्चरमधल्यासारखंच, फक्त इथे त्याचे शब्द लिहिलेले होते. मी डिक्शनरी घेतली.

तो म्हणतो, आज जाऊ नकोस. इतकी वर्षं मी हे दार राखतो, पण मला या दाराची भीती वाटते. तो हात उचलून दाखवतो ते म्हणून. कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो आहे. आजचा दिवस माझ्याजवळ थांब. उद्या मीच तुला दार उघडून देईन.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आपण ज्याला शूर समजत होतो तो घाबरलेला होता. आणि तू माझ्याकडे बघत होतास तेव्हा मी त्याच्या तोंडात बरोबर उलटं घातलं होतं.

दिवाळीला घरी आले ते ठरवूनच, की सांगायचं. दुपारी फराळाची ताटं मध्ये होती. तू पॅकिंग खात्यात नव्याने लागलेल्या एकाला पिक्चर दाखवायला घेऊन आला होतास. दाराचा सीन आला आणि तू त्याला म्हणालास, "आता ऐक. आमची बाय सांगंल." मी उंबऱ्यावर बसले. तोंड उघडलं. आणि तुझ्याकडे पाहिलं. तुझे ओठ माझ्या आधीच हलत होते. दारावर मी हाय. लहान मुलं प्रार्थनेत पुढच्या ओळीची वाट बघतात तसा तुझा चेहरा होता. मी तेच सांगितलं, जुनं.

तुझा हिरमोड होऊ नये म्हणून तसं केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. खरं असं की भाऊ "जा" म्हणतो तोपर्यंत मला जाणं सोपं होतं. सुट्टीला मी दोन दिवसांसाठी यायचे आणि तिसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडायचे. पुण्यात लायब्ररी होती, मैत्रिणी होत्या, माझ्या बोलण्यातलं "नाय" आणि "हाय" हळूहळू गेलं होतं, आणि घरी आले की ते पुन्हा जिभेवर येतं याची मला भीती वाटायची. तू स्टँडवर सोडायला यायचास आणि "जा" म्हणायचास. तो सीन मी दुरुस्त केला असता, तर तुझ्या त्या "जा"कडेही मला नीट बघावं लागलं असतं.

त्याऐवजी मी तुझ्याशी वाद घालायला लागले. तो आपला वाद, तो काही संपला नाही. मी म्हणायचे, टॉकीजवाल्यांनी तो सीन कापला ते बरोबरच केलं, त्याने गोष्ट रेंगाळते. तू चिडायचास. "कापणाऱ्याला भईन नसंल."

"भावाचा संबंध काय? गोष्ट उजेडाची आहे."

"गोष्ट दाराची हाय. उजेड काय, कोणबी आणंल."

गेल्या मे महिन्यात तू कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत होतास आणि आपण तासभर हेच बोलत होतो. वहिनी म्हणाली, "तुमी दोगं त्या पिक्चरवाल्यांना पत्र का नाय लिहीत?" मी जिंकायला बघत होते. तो सीनच नको होता मला, म्हणून मी तो कापायला बघत होते. तू खिळे तोंडात धरून मान हलवत राहिलास. शेवटी म्हणालास, "पुढच्या खेपेला परत बघू, मग बोल." पुढच्या खेपेला मी एकच दिवस आले होते.

आता त्या फोनचं लिहायला हवं.

माझी तिसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती. तू स्टँडजवळच्या बूथवरून होस्टेलला फोन केलास. आवाज बारीक येत होता. मला वाटलं, लाइन खराब आहे. तू विचारलंस, "पेपर कधी संपतात?" मी म्हणाले, सोमवारी शेवटचा. मग तू सांगितलंस की कावीळ झाली आहे, डोळे पिवळे झालेत, कामावर जात नाहीस, औषध चालू आहे.

मी विचारलं, "येऊ का?"

तू गप्प राहिलास. दोन-तीन श्वासांइतकाच वेळ. मग म्हणालास, "नको. पेपर दे. दारावर मी हाय."

मी एकदाच विचारलं, दादा. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तू "नको" म्हणालास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते. फोन ठेवून मी वर गेले आणि नोट्स उघडल्या. गुरुवारी तुला दवाखान्यात नेलं. शनिवारी आपल्या शेजाऱ्याचा फोन आला.

त्या दोन-तीन श्वासांत काय होतं ते मला माहीत नाही. कदाचित काही नसेल, तुला नुसता दम लागला असेल. पण मी त्याचाही अर्थ लावला आणि माझ्या सोयीचा लावला. आधी त्या भावाचं केलं, तेच तुझं केलं. तू मला डोळे वाचायला शिकवलं होतंस. फोनवर डोळे दिसत नाहीत, हे खरं. पण दिवाळीत दिसत होते, मे महिन्यात दिसत होते, स्टँडवर प्रत्येक वेळी खिडकीखाली दिसत होते.

सोमवारचा पेपर मी दिला नाही. तो पुन्हा देता येईल, असं सर म्हणाले.

काल दुपारी पांडूदादा आणि इक्बालभाई आले. तुझ्या कंपनीतल्या कपाटातलं सामान घेऊन आले होते. डबा, बूट, एक टॉवेल, रेझर. आईने टॉवेल घेतला आणि आत गेली. वहिनीने चहा टाकला. चहा हातात आल्यावर पांडूदादा म्हणाला, "बाय, ते दारावरचं एकदा सांग ना. तो आमाला कँटीनमध्ये सांगायचा. कुणाला घरची काळजी लागली, कुणाचं कायतरी बिनसलं, की हा सुरू. तुज्या तोंडून एकदा ऐकू दे."

मी उंबऱ्यावर बसले नाही. त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं." मग खरं सांगितलं. भीती वाटते, आजचा दिवस थांब, उद्या मीच उघडून देईन. जेवढं त्या पानावर होतं तेवढं सगळं सांगितलं. या वेळी मला घोकावं लागलं नाही.

पांडूदादा माझ्याकडे बघत राहिला. "म्हंजे तो सारखं बोलायचा ते पिक्चरमधलं नाय?"

"नाही. ते माझं."

"त्याला सांगितलं होतंस?"

"नाही."

त्याने बशी खाली ठेवली. तो रागावला आहे असं मला वाटलं, आणि रागावायलाच हवं होतं त्याने. वहिनी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "बायला स्टँडवर सोडायला गेले की हे लगेच घरी नाय यायचे. गाडी गेली तरी बाकड्यावर बसून राहायचे. मी एकदा विचारलं, तर बोलले, लोक बघत बसतो." तिने पातेलं उतरवलं. "मला बोलले होते, बायला नको सांगूस. ती मग यायचीच बंद होईल."

मला हे माहीत नव्हतं, दादा. मी खिडकीतून हात करायचे आणि गाडी वळली की पुस्तक उघडायचे.

इक्बालभाईंच्या हातात तुझा डबा होता, त्याची कडी ते नुसती लावत होते, काढत होते. त्यांनी हळूच विचारलं, "फिर, बहेन? त्याने एवढं सांगितल्यावर ती एक दिवस थांबली का?"

पुस्तकातलं पुढचं पान मला आठवत होतं. ती शहराच्या वर, खूप उंच, तिची पाठ आपल्याकडे. खाली दार मिटलेलं, आणि पायरीवर तो, बोटाच्या नखाएवढा.

"नाय," मी म्हणाले.